भोपळा, ३५० रुपये

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी नगरला माहेरी होते. पहिला रविवार म्हणजे आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा. नवे पाळकसाहेब वयानं तरुण, उन्हाळ्यातच बदलून आलेले. भाकर मोडायच्या आधी ते मेजाच्या पुढे आले, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर आधी उठून त्याच्याकडे जा. आम्ही थांबतो. घाई नाही." आणि खरंच थांबले. आमच्याकडे हे वाक्य अधूनमधून म्हटलं जातं, पण ते पुरतं संपायच्या आत पेटीवाला सूर धरतो, त्यामुळे कुणाची अडचण होत नाही. या माणसानं थांबून सगळ्यांची पंचाईत केली. वरचा पंखा दर फेरीला एकदा कट्ट वाजत होता. मेजावर विणलेल्या पांढऱ्या रुमालाखाली द्राक्षरसाचे इवलेसे पेले. कुणाच्या तरी पोरानं बिस्किटाचा पुडा फोडायला घेतला, आईनं त्याचा हात दाबला आणि तो चुरचुर आवाज अर्ध्यावर थांबला. मी उशिरा पोचल्यामुळे बायकांच्या बाजूला सगळ्यात मागे, दाराशी बसले होते. तिथून मला दोन पाठी नेमक्या दिसत होत्या. पुढून तिसऱ्या बाकावर खजिनदारकाकांची, आणि खिडकीपाशी, मागून दुसऱ्या बाकावर पप्पांची.

कुणीही उठलं नाही.

दोन मिनिटं झाली असतील. मग कुणीतरी खोकलं, ते निमित्त धरून पेटी सुरू झाली, आणि रांगेनं जाऊन सगळ्यांनी भाकर घेतली, रस घेतला. काकांनी घेतला, पप्पांनी घेतला, मीही घेतला. बाहेर पडताना दारात पाळकसाहेब प्रत्येकाशी हात मिळवत होते. पप्पा त्यांना "सलाम" म्हणाले आणि चपला शोधायला लागले. काका बाहेर येईपर्यंत चपला शोधत राहायच्या नाहीत, हे त्यांचं टायमिंग आता इतकं पक्कं बसलंय की बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पुण्याला परतताना बसमध्ये मला ती दोन मिनिटं पुन्हा पुन्हा आठवत होती. पप्पा उठले नाहीत याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. त्यांची मला सवय आहे. सलत होतं ते वेगळंच, आणि ते काय आहे हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच मी खिडकीबाहेर सुप्याची एमआयडीसी बघत बसले.

आमच्या मंडळीत सुगीचा सण नोव्हेंबरात होतो. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, की त्या दिवशी देवळाचा बाजार होतो. बाजरीची कणसं, उसाची मोळी, मेथीच्या जुड्या, शेंगांची पोती, ट्रेमधली अंडी, कुणाचा केक, कुणाच्या चकल्या, आणि पाय बांधून ठेवलेला एखादा कोंबडा, जो नेमका दीर्घ प्रार्थनेच्या मधोमध बोलतो. उपासना झाली की बाहेर निंबाखाली लिलाव. पुकारायला आमच्याकडे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना माइक लागत नाही. दहा रुपयांची कोथिंबीर दीडशेला जाते, आणि घेणारा ती परत मेजावर ठेवतो, पुन्हा पुकारा म्हणतो. पैसा देवाच्या कामाला जाणार असतो, त्यामुळे भाव वाढवण्यात पुण्य असतं आणि थोडी फुशारकीही असते. ती कुणी लपवत नाही. बोली वहीत लिहिली जाते. खिशात असले तर लगेच द्यायचे, नाहीतर नावापुढे बाकी. २०१३च्या नोव्हेंबरात पप्पांनी एक भोपळा ३५० रुपयांना घेतला. एवढा मोठा की मांडीवर घेऊन बसावं लागलं. समोर बोली लावत होते खजिनदारकाकाच. दोघं मिशनच्या बोर्डिंगात एका खोलीत वाढलेले. गूळ चोरला म्हणून दोघांनी मिळून एकच छडी खाल्ली, म्हणजे एकानं खाल्ली आणि दुसऱ्यानं रडून घेतलं, ही गोष्ट आम्ही दोन्ही घरच्या पोरांनी इतक्यांदा ऐकली होती की कोण रडलं यावर आमच्यातही वाद होते.

एप्रिलमध्ये वार्षिक सभा भरली. हिशेब वाचून झाला, मग येणे बाकीची यादी. काका वहीतून वाचत होते, मान खाली. पाचवं की सहावं नाव पप्पांचं आलं. भोपळा, ३५०. पप्पा जागेवरूनच म्हणाले, "मी दिलेत." काकांनी मान वर केली. क्षणभर त्यांचा चेहरा अगदी बोर्डिंगातल्या मुलासारखा गोंधळलेला दिसला, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं होतं का, कोण जाणे. मग ते म्हणाले, "पावती असेल तर दाखवा."

दाखवा.

पन्नास वर्षं "अरे, ऐक की" म्हणणारा माणूस "दाखवा" म्हणाला. कदाचित सभा होती म्हणून म्हणाला असेल, इतिवृत्तात लिहिलं जात होतं, पदावरून बोलताना माणूस तसं बोलतो. पण पप्पा उठले, पुढे गेले, पाकिटातून तीन शंभराच्या आणि एक पन्नासची काढून मेजावर ठेवली आणि म्हणाले, "घ्या. आता पावती द्या." त्यांनीही तोच हिशेब चुकता केला. पावतीपुस्तकाचा कार्बन उलटा लागला होता, तो सरळ करून लिहीपर्यंत अख्खी सभा गप्प. त्या दिवसापासून पप्पा तिसऱ्या बाकावरून उठून खिडकीपाशी बसायला लागले. ती पावती अजून त्यांच्या पवित्र शास्त्रात आहे, नीतिसूत्रांत कुठेतरी.

आता बायबलमधला मत्तयाचा अठरावा अध्याय आमच्या मंडळीत कुणाला पाठ नाही असं नाही. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं त्याच्याकडे जायचं, दोघंच असताना सांगायचं. नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर न्यायचं, म्हणजे दोनतीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट पक्की होते. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांगायचं. आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला जकातदारासारखा समजायचं. पायऱ्या स्वच्छ आहेत. आमच्याकडे मात्र सुरुवात तिसऱ्या पायरीवरून होते, तीही वार्षिक सभेत, माइकवर. पहिली पायरी सगळ्यात अवघड आहे हे कुणी बोलून दाखवत नाही. एखाद्याच्या घरी जायचं, त्याची बायको पाणी आणून देणार, तब्येतीचं विचारणार, आणि मग तिच्यादेखत ३५० रुपयांचा विषय काढायचा. त्यापेक्षा सभा परवडते. आणि हा अध्याय ज्याच्या नावावर आहे तो मत्तय स्वतःच जकातदार होता, पैसे गोळा करून वहीत मांडणारा, आणि त्याच्याच घरी प्रभू जेवायला बसला होता, हे मला बऱ्याच उशिरा सुचलं. म्हणजे जकातदारासारखा समजा याचा अर्थ नेमका काय घ्यायचा? पप्पांना एकदा विचारलं तर म्हणाले, "तू शास्त्र वाचतेस की वकिली करतेस?"

एक मात्र खरं, आमच्या लोकांना भांडण मोठ्यानं करायला कधी वाईट वाटलं नाही. फिलिप्पैच्या पत्रात पौल दोन बायकांची नावं घेऊन सांगतो, युवदीया आणि सुंतुखे, बायांनो, एकचित्त व्हा. कशावरून वाजलं होतं ते लिहिलेलं नाही. दोन हजार वर्षं सगळ्या जगाला एवढंच माहीत आहे की या दोघींचं पटत नव्हतं. आमच्या महिला मंडळात हा उतारा वाचायला घेतला की दोनतीन जणी उगाच पदर सावरतात. पौलाचं स्वतःचं तरी कुठे सगळं सुरळीत होतं? योहान मार्कला बरोबर न्यायचं की नाही यावरून त्याचं आणि बर्णबाचं इतकं बिनसलं की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला. पुढे कितीतरी वर्षांनी तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात शेवटी शेवटी एक ओळ येते, मार्कला बरोबर घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. चुकलं माझं, असं कुठेही नाही. नुसतं, घेऊन ये. पप्पांना ही ओळ फार आवडते. ती वाचताना ते थांबतात, आणि मी दर वेळी मनात म्हणते, मग?

आजोबा असते तर काय म्हणाले असते, हे मला जवळजवळ शब्दाशब्दानं सांगता येतं. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्या सोहळ्याला आजोबा नगरहून गेले होते, आणि ती गोष्ट ते लग्नासारखी सांगत. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स, ब्रिटिश मेथडिस्ट, आणि आम्ही युनायटेड चर्चवाले. अमेरिकन मेथडिस्टांचा गट अगदी शेवटच्या घटकेला मागे सरला, तेव्हा आजोबा म्हणत, "अक्षता वाटून झाल्या आणि एक नवरदेव मांडवातून परत गेला." पण त्यांना खरं कौतुक होतं ते बाप्तिस्म्याच्या गाठीचं. एक पक्ष तान्ह्या बाळाला पाणी देणारा, दुसरा म्हणणार, मोठा होऊन स्वतः विश्वास कबूल करील तेव्हाच, आणि तोही पुरता बुडवून. दोन्ही बाजूंना वचनं. यातून वाट काय काढली, तर दोन्ही पद्धती चालतील, ज्यानं त्यानं आपल्या विवेकाला साक्ष ठेवून निवडावं. १९२९ ते १९७०, एक्केचाळीस वर्षं बोलणी चालली. आजोबा बोटं मोजून दाखवत, दोन्ही हातांची चार वेळा आणि वर एक. "कुणी जिंकलं नाही बघ," ते म्हणत, आणि त्यांचा सूर असा असे की हीच त्यात मजा.

अर्थात आजोबा लग्न सांगत, पुढचा संसार सांगत नसत. त्याच ऐक्यात आलेल्या गुजरातमधल्या ब्रदरेन मंडळींपैकी काहींनी पुढे म्हटलं, आम्ही वेगळेच आहोत, आमच्या मालमत्ता आम्हाला द्या. प्रकरण कोर्टात गेलं. करिंथकरांना पौलानं डोळे वटारून विचारलं होतं, भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात जातो, तेही अविश्वासणाऱ्यांपुढे, त्यापेक्षा अन्याय सोसून का घेत नाही? कुणी सोसून घेतलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तो २०१३ साली, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या विरोधात. म्हणजे आमचा भोपळा निंबाखाली पुकारला गेला, त्याच वर्षी. तिकडे जमिनी आणि देवळं, इकडे साडेतीनशे रुपये. पण ज्या आवेशानं "तत्त्वाचा प्रश्न आहे" असं म्हटलं जातं, तो आवेश दोन्हीकडे सारखाच असणार, अशी माझी खात्री आहे. आणि ज्यांना सगळे मान देतात त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही शेवटी १९१७ साली मिशनच्या चौकटीतून बाहेर पडून "देवाचा दरबार" मांडलाच होता. त्यांचे अभंग आम्ही दर रविवारी गातो. ते मिशनवर नाराज होते हे मात्र गाता गाता कुणाला आठवत नाही.

क्षमा हा शब्द आमच्या घरांत इतका वापरात आहे की त्याची धार गेली आहे, किंवा नको तिथे आली आहे. "मी तर त्यांना कधीच क्षमा केलीय," हे वाक्य मी अशा काही सुरात ऐकलंय की त्यापेक्षा शिवी बरी. प्रार्थनासभेत एखादी बाई म्हणते, "अमक्या कुटुंबासाठी प्रार्थना करा, तपशील सांगत नाही," आणि सभा संपायच्या आत तपशील कंपाउंडच्या फाटकापर्यंत पोचलेला असतो. काकूंनी, म्हणजे खजिनदारकाकांच्या बायकोनं, एकदा माझ्या आईसाठी अशी प्रार्थना मागितली होती. कठोर अंतःकरणासाठी. आईनं त्या रात्री भांडी जरा जोरातच घासली. वाद दोन पुरुषांचा. तो दहा वर्षं जिवंत ठेवायची मेहनत मात्र दोन बायकांनी केली, हे लिहायला मला आवडत नाही, पण तसं झालंय.

आता ते सलणारं सांगते.

२०१३च्या त्या रविवारी लिलाव संपल्यावर फाटकापाशी पप्पांनी काकांना पैसे दिले तेव्हा मी शेजारी उभी होते. माझ्या हातात कुणाच्या तरी केकचा डबा होता. पप्पांनी चौघडी केलेल्या नोटा पुढे केल्या, काकांनी न मोजता शर्टाच्या वरच्या खिशात घातल्या आणि म्हणाले, "भोपळ्याची भाजी झाली की बोलव." पावतीपुस्तक आत मेजावर राहिलं होतं. उन्हं डोक्यावर होती, कुणालाच आत जायचं नव्हतं. पुढे काय झालं असेल ते मला दिसतं. शर्ट बदलला असेल, काकूंनी खिसे तपासले असतील आणि पैसे घरखर्चाच्या डब्यात टाकले असतील. चोरी कुणीच केली नाही. एप्रिलच्या सभेत मी हजर होते. दृढीकरण झालेली सभासद, मताचा अधिकार असलेली, तेवीस वर्षांची बाई. पप्पा म्हणाले, "मी दिलेत," आणि काका म्हणाले, "दाखवा," त्या दोन वाक्यांच्या मध्ये एक जागा होती. उठून एवढंच म्हणायचं होतं, मी पाहिलंय. पण मला वाटलं, ते याच वर्षीचं की आदल्या वर्षीचं? वाटलं, काकांच्या मुलीनं मला कॉलेजच्या नोट्स दिल्यात. वाटलं, एवढ्या लोकांत बाईमाणसानं. तोवर नोटा मेजावर पडल्या होत्या. दोनतीन साक्षीदार म्हणतात त्यांतली एक मी होते, आणि मी हाताचं नख खात होते.

ऑगस्टनंतर, सप्टेंबरच्या एका शनिवारी, मी पप्पांना हे सांगितलं. ते अंगणात खुर्चीवर बसून नखं काढत होते, पायाखाली वर्तमानपत्र पसरून. मी म्हटलं, "त्या दिवशी फाटकापाशी मी होते. मी पाहिलं होतं तुम्ही पैसे देताना." त्यांनी नेलकटर थांबवलं नाही. म्हणाले, "माहितीये मला. माझ्या शेजारीच होतीस तू." मग अंगठा झाला, शेजारचं बोट झालं. मी वाट बघत होते. ते वर्तमानपत्र चौघडी करून उठले आणि कुंडीपाशी झटकायला गेले. दहा वर्षं या माणसानं मला एकदाही त्याबद्दल विचारलं नव्हतं. माझ्या लग्नात माझा हात धरून ते मला वेदीपर्यंत घेऊन गेले होते. त्यांनी मला केव्हाच सोडून दिलं होतं, की मनात ठेवून वागवलं होतं, हे मला कळलं नाही, आणि आता विचारायचं कसं ते सुचत नाही.

यंदाच्या सुगीला मी मुद्दाम रजा काढून आले. निंब तोच, मास्तर तेच, फक्त मेजावर आता क्यूआर कोडचा फलक उभा असतो आणि खजिनदार म्हणून एक पंचविशीचा मुलगा बसतो. काकांनी ते काम केव्हाच सोडलं. त्यांच्या हातात काठी आली आहे. आईनं परसातला भोपळा आणला होता, बेताचाच. मास्तरांनी पन्नासला पुकारला. कुणी साठ, कुणी ऐंशी. मग काठी टेकून बसलेले काका म्हणाले, "दोनशे." लोकांनी वळून पाहिलं. पप्पांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, त्यांनी आईला विचारलं काय म्हणाले, आणि मग स्वतःच्या घरच्या भोपळ्यावर बोली लावली, "दोनशे दहा." काका म्हणाले, "तीनशे." पप्पा म्हणाले, "तीनशे दहा." मास्तरांचा आवाज बसल्यासारखा झाला. निंबाखाली इतकी शांतता की तो कोंबडाही गप्प. दहा वर्षांत ही दोन माणसं पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होती, आणि आकड्यांत बोलत होती. काकांनी जरा वेळ घेतला. मग सावकाश म्हणाले, "तीनशे पन्नास."

पप्पा गप्प बसले. मास्तरांनी एक वार, दोन वार म्हटलं, तिसऱ्या वाराला जितकं थांबता येतं तितकं थांबले, आणि भोपळा काकांचा झाला. काका उठले, काठीसकट मेजापर्यंत चालत गेले आणि क्यूआरच्या फलकाशेजारी रोख नोटा ठेवल्या. मुलगा पावती फाडत होता. तेव्हा मागून पप्पा म्हणाले, "पावती नीट लिहून घे रे."

हे त्यांनी कुणाला म्हटलं, यावर आमच्या घरी त्या दुपारपासून दोन पक्ष आहेत. आई म्हणते, खजिनदार पोराला, दुसरं कुणाला म्हणणार, सगळ्या पोरांना ते रे म्हणतात. पण पावती लिहून देतात, लिहून घेत नाहीत. मी पप्पांना विचारलं तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. ही सोय त्यांना आजकाल चांगली झाली आहे. संध्याकाळी सातच्या सुमाराला काकांचा नातू सायकलवरून आला आणि स्टीलचा डबा देऊन गेला. आत भोपळ्याचे घारगे, अजून कोमट. पप्पा रात्री म्हणाले, पोट जड आहे. आईनं एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाली, गूळ कमी पडलाय, तिचा कायमच कमी पडतो. सकाळी डब्यात दोन कमी होते. ते कुणी खाल्ले यावर वाद झाला नाही.

डबा घासून, पालथा घालून ओट्यावर ठेवलाय. रिकामा डबा परत करायचा नसतो, त्यामुळे आत काय घालून द्यायचं यावर आईचा विचार चालू आहे. शेंगदाण्याचे लाडू म्हणाली, मग म्हणाली, त्यांना दातांचा त्रास आहे, शिराच करते. आणि द्यायला तू जा, म्हणाली, तुझ्या पप्पांना सांगू नको, तूच जा, एकटी. मी हो म्हटलं. तिनं अजून काही करायला घेतलेलं नाही, आणि मीही तिला विचारलेलं नाही.